गावची वर्गणी आणि काकूंचे शेक

कर्करोगाच्या उपचारांनंतर जूनमध्ये काकूंची पहिली फेरतपासणी झाली आणि तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतून मला फोन यायला लागले. 'बाई, वर्गणी कशी केली?', 'टाटाला ओळख लागते का?', 'योजनेत बसतं का?' दर वेळी सांगताना काही ना काही राहून जातं, म्हणून एकदा सलग लिहून काढते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, डॉक्टर किंवा वकील नाही. काकू म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, वय बावन्न. त्यांना विचारूनच लिहितेय. नाव मात्र त्यांनी टाकू दिलेलं नाही.

आमचा पट्टा परंडा-भूमचा. कर्करोगाच्या बाबतीत हा भाग काही अंधारात नाही. बार्शीची कर्करोग नोंदणी १९८७ साली सुरू झाली, ग्रामीण भागातली ती देशातली पहिली. बार्शी, परंडा आणि भूम हे तीन तालुके तिच्यात येतात. १९९९ मध्ये तर तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठा अभ्यास सुरू झाला. तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायका त्यात होत्या. एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा जरी झाली, तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ साली जगाला कळलं. काकूंच्या सासूबाईंना ती तपासणी आठवते. काकू तेव्हा सव्वीस वर्षांच्या, म्हणजे वयात न बसणाऱ्या. पुढे वयात बसल्या, पण दुखत-खुपत नसताना दवाखान्यात कोण जातंय?

पाळी जाऊन तीन वर्षं झाल्यावर त्यांच्या अंगावरून पुन्हा जायला लागलं. दिवाळीपासून त्यांनी ते लपवलं. डिसेंबर २०२४ मध्ये गावच्या आशा कार्यकर्तीच्या, आशाताईंच्या, कानावर गेलं. तोवर एका खासगी दवाखान्यात 'पिशवी काढून टाकू, पस्तीस हजारांत होईल' असं सांगून झालं होतं आणि काका पैशांच्या जुळवाजुळवीला लागले होते. आशाताई आडव्या आल्या. 'आधी तुकडा तपासायला पाठवा, मग पिशवीचं बघू.' म्हणजे बायोप्सी करा. ३ जानेवारीला अहवाल आला, गर्भाशयमुखाचा कर्करोग. पुढे मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनीही हेच सांगितलं, की तपासणी न करता नुसती पिशवी काढली असती तर पुढचे उपचार अवघड होऊन बसले असते. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

त्याच आठवड्यात मारुतीच्या देवळात माणसं जमली. आठ लाख, दहा लाख असे आकडे हवेत होते. कोण कुणाचा पाहुणा किती लाखाला बुडाला त्याच्या गोष्टी झाल्या. काकांची कोरडवाहू एक एकर विकायचा विषयही निघाला. तेव्हा आमचे निवृत्त गुरुजी म्हणाले, 'आधी आकडा कळू द्या, मग झोळी फिरवा. जमीन कुठं पळून चालली नाही.' बैठकीत तिघांची समिती ठरली, गुरुजी, बचत गटाच्या अध्यक्षा आणि मी. गुरुजींनी तिथंच ठराव लिहिला. पैसा कशाला वापरायचा, कुणाच्या सहीने काढायचा, आणि उरला तर काय करायचं, हे तिन्ही त्यात होतं. उरलेल्या पैशाचं तेव्हा लोकांना हसू आलं होतं.

पैसे ठेवायचे कुठे, यात आमचा बराच वेळ गेला. पहिला विचार माझ्या फोनचा क्यूआर छापून वाटायचा होता. ओळखीच्या सीएंनी अडवलं. नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम पन्नास हजारांच्या वर गेली, की ती घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. माझा पगार चालू, म्हणजे कर माझ्या डोक्यावर. काकूंना दुसरं उत्पन्न नसल्यासारखंच, त्यामुळे पैसे त्यांच्याच खात्यात आलेले बरे. मग काकू आणि काकांचं जोडखातं उघडलं, दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत असं, आणि पासबुक गुरुजींकडे ठेवलं. दुसरी गोष्ट वकिलांनी सांगितली. ओळखीच्यांनी रुग्णाच्या खात्यात पैसे टाकणं वेगळं आणि पावतीपुस्तक घेऊन बाजारात फिरणं वेगळं. सार्वजनिक वर्गणीला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली. गणपती मंडळं दरवर्षी घेतात तीच. अर्ज ऑनलाइन होतो. ठराव, समितीतल्यांची ओळखपत्रं, ग्रामपंचायतीचं पत्र जोडलं. परवानगी येईपर्यंत पावतीपुस्तक कपाटात ठेवलं.

खरा पेच पडला आवाहन लिहिताना. व्हॉट्सअॅपवर दोन ओळी टाकायच्या, त्यात काय लिहायचं? काकूंचं म्हणणं होतं, 'माझं नाव नगं, आन् कुठला कॅन्सर ते तर मुळीच नगं. पोरीच्या सासरी काय म्हणतील?' एकाने सुचवलं, पोटाचा आजार म्हणून लिहू. ते मला पटेना. उद्या कुणी कागद मागितला तर सगळ्यांवरचाच विश्वास उडेल. दोन दिवस हाच घोळ. शेवटी काकूंनीच तोडगा काढला. कर्करोग आहे हे लिहायचं, कुठे आहे ते नाही. गाव आणि समितीतल्या तिघांची नावं, फोन नंबर द्यायचे, काकूंचं नाव नाही. ज्याला कागद बघायचे आहेत त्याने गुरुजींच्या घरी येऊन बघावेत. फोटो नाही. त्याच दरम्यान ऑनलाइन निधी गोळा करणाऱ्या एका कंपनीशी बोललो होतो. त्यांच्या माणसाने दवाखान्यातल्या खाटेवरचा फोटो मागितला, जमलं तर रडतानाचा व्हिडिओही. 'त्याशिवाय लोक देत नाहीत, मॅडम.' आम्ही तो नाद सोडला. असं करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, लाखोंचा खर्च समोर असेल तर माणूस काय करणार? पण गावातल्या गावात फोटोची गरज पडत नाही, एवढं मात्र अनुभवाने सांगते.

जानेवारीच्या मध्याला मुंबई. लातूर-मुंबई गाडीने बार्शीहून रात्री निघायचं, सकाळी दादरला उतरायचं. सोबत काका, मी आणि बचत गटातल्या एक जण. परळला टाटा रुग्णालयात ओळख-बिळख काही लागली नाही. आधार, रेशनकार्ड, तुकड्याचा अहवाल आणि काचपट्ट्या घेऊन रांगेत उभं राहायचं. अहवालाबरोबर मूळ काचपट्ट्या (स्लाइड) आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ठोकळा तपासणी केंद्रातून मागून घ्या, तिथे त्या पुन्हा तपासतात. नोंदणी जनरलमध्ये केली. एक कार्ड मिळतं, त्यात पैसे भरून ठेवायचे आणि प्रत्येक तपासणीला त्यातून वळते होतात. काकांचा जीव त्या कार्डात अडकला होता. 'पैसे गेले तरी दिसत न्हाईत, उरले तरी दिसत न्हाईत.' शिल्लक खिडकीवर विचारता येते हे कळल्यावर ते रोज जाऊन विचारून यायचे.

एका तपासणीची तारीख, मग तिच्या अहवालाची तारीख, मग डॉक्टरांची. मधले दिवस मुंबईत काढायचे की गावी जाऊन यायचं, हा हिशोब सतत चालू. फुटपाथवर झोपलेले रुग्ण पाहून काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, 'मला घरी न्या.' दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही दोन नावं आम्हाला आधीच कुणीतरी दिली होती. रुग्णालयाची फाईल आणि आधार लागतं, आणि जागा रिकामी असावी लागते. आम्हाला पहिल्या दिवशी मिळाली नाही, नंतर मिळाली. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात मात्र नोंदणी झाल्या झाल्या जा. रेल्वेच्या सवलतीचा दाखला कसा घ्यायचा, कुठली संस्था कशाला मदत करते, हे तिथेच समजलं. स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित डब्यात कर्करुग्णाचं पूर्ण भाडं माफ होतं आणि सोबत्याचं पंचाहत्तर टक्के. तिकीट खिडकीवरच काढावं लागतं, दाखल्याच्या प्रती करून ठेवा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच.

जानेवारी संपता संपता उपचार ठरले. पाच आठवडे बाहेरून किरणोत्सर्ग, म्हणजे आमच्याकडचे लोक म्हणतात ते शेक, आठवड्यातून एकदा किमो, आणि शेवटी आतून शेक. शस्त्रक्रिया नाही. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'दोन महिने मुंबईत राहायची सोय आहे का?' आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, हेच उपचार तुमच्या जवळच्या केंद्रात होतात, सगळा आराखडा लिहून देते. खरं सांगते, मला ते बरं वाटलं नाही. मुंबईपर्यंत येऊन परत पाठवतात म्हणजे काय? काकांना मात्र एकदम पटलं. आमच्यापासून एसटीने दीड-दोन तासांवर, योजनेत असलेलं रुग्णालय होतं. आज वाटतं, त्या एका वाक्याने गावाचे पन्नासेक हजार तरी वाचले असतील, आणि काकूंना रोज ओळखीचं कुणीतरी भेटत राहिलं ते वेगळंच. तुम्हाला कुणी विचारलं नाही तर तुम्ही विचारा.

आता योजनेबद्दल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वी मुख्यतः पिवळ्या-केशरी कार्डांसाठी आणि दीड लाखापर्यंत होती. जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांवर गेली. गावात निम्म्या लोकांच्या डोक्यात जुनीच माहिती होती. रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचा टेबल असतो. तिथे रेशनकार्ड, आधार आणि अहवाल द्यायचे, रुग्णाचा फोटो निघतो, आणि पूर्वपरवानगीसाठी प्रस्ताव जातो. आमची गाडी रेशनकार्डावर अडकली. कार्डावर काकूंचं नाव एक आणि आधारवर दुसरं, लग्नानंतर बदललेलं. बारा अंकी ऑनलाइन नंबरही नव्हता. त्यासाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत कागद दिले आणि दीड आठवडा थांबलो. कर्करोग असो-नसो, तुमच्या घरातल्या सगळ्यांची नावं दोन्हीकडे जुळतात का, ते आजच बघा. अडचण आली तर १५५३८८ हा योजनेचा निःशुल्क नंबर आहे. दुरुस्ती झाल्यावर परवानगी मात्र दुसऱ्याच दिवशी आली. १७ फेब्रुवारीला पहिला शेक.

त्यानंतर देवळातल्या त्या आठ-दहा लाखांचं काय झालं? शेक, किमो यांचे पैसे योजनेतून गेले. आमचा पैसा लागला तो सगळा आजूबाजूला. परवानगीच्या आधीच्या तपासण्यांना सत्तावीस हजारांच्या आसपास. मुंबईचं जाणं-येणं, राहणं, खाणं एकतीस हजार. जवळच्या केंद्रापाशी दोन महिने खोली आणि किराणा चोवीस हजार. एसटी-रिक्षा नऊ हजार. औषधं, पॅड, इतर वस्तू चौदा हजार. हे आधी माहीत असतं तर आवाहनात 'उपचारासाठी' असं न लिहिता 'उपचार चालू असताना घर चालवण्यासाठी' असं लिहिलं असतं. लोकांना ते तितकं भिडलं असतं का, सांगता येत नाही.

आणि एक खर्च असा, ज्यावर समितीत भांडण झालं. काकूंचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी घेतलेली, ती फिटल्याशिवाय टोळी सोडता येत नाही. काकूंजवळ रात्री राहायला सून हवी होती. वर्गणीतून उचल फेडायची का? गुरुजी म्हणाले, नाही, लोकांनी दवाखान्यासाठी दिलेत, मुकादमासाठी नाही. अध्यक्षाबाई म्हणाल्या, 'गुरुजी, दवाखान्यात रात्री तुम्ही राहनार का?' शेवटी पुन्हा देवळात बैठक घेऊन लोकांसमोर विषय ठेवला. गाव ऊसतोडीचंच, उचल म्हणजे काय ते कुणाला समजवायला लागलं नाही. वीस हजार द्यायचे आणि बाकी पुढच्या हंगामात वळती करायची, हे मुकादमाने मान्य केलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सून आली. त्याआधी बचत गटाच्या बायकांनी पाळ्या लावल्या होत्या. कोण कधी मुक्कामाला, कोण काकांच्या गाईची धार काढणार, सगळं वहीत. मी शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर जायची.

पैशांचा हिशोब दर सोमवारी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायचा. जमा इतके, खर्च इतके, शिल्लक इतकी. देणाऱ्यांची नावं मुद्दाम लावली नाहीत. पाच हजार देणाऱ्याच्या खाली एकावन्न देणाऱ्याचं नाव आलं की त्याला ओशाळल्यासारखं होतं, आणि मग पुढच्या वेळी तो हात आखडतो. दोघातिघांना हे रुचलं नाही, त्यांना नाव हवं होतं. पावती ज्याची त्याला मिळत होती, तेवढ्यावर भागवलं. काहींनी ज्वारी दिली, ती बाजारात विकून पैसे जमा केले. टोळीवरच्या पोरांनी फोनवरून पन्नास-शंभर पाठवले. आणि फेब्रुवारीच्या शेवटी काकूंचं हिमोग्लोबिन घसरलं, शेक थांबतील की काय असं झालं, तेव्हा गावातली तरुण पोरं जीप करून रक्त द्यायला गेली. ते कुठल्याच रकान्यात बसलं नाही.

शेक चालू असतानाचं फार लिहीत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब, जेवणावरची वासना गेलेली, चिडचिड. दर आठवड्याला किमोआधी रक्त तपासतात, पेशी कमी असल्या तर किमो पुढे ढकलतात. आमची एकदा ढकलली गेली तेव्हा काकूंना वाटलं डॉक्टरांनी आशा सोडली. तसं काही नसतं. आतल्या शेकाला त्या सगळ्यात जास्त घाबरल्या होत्या. तिथल्या सिस्टरांनी आधी सगळं समजावून सांगितलं, म्हणून निभावलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उपचार संपले.

मधल्या काळात दोन अर्ज केले. जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून, म्हणजे तिच्या स्वतःच्या निधीतून, दुर्धर आजाराला मदत मिळते, आमच्याकडे पंधरा हजार. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या प्रमाणपत्रासह अर्ज करायचा. ते पैसे अजून आलेले नाहीत. दुसरा अर्ज संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. ही योजना विधवा आणि अपंगांसाठीच आहे असं सगळ्यांना वाटतं, पण कर्करुग्णही त्यात बसतात. पासष्टच्या आतलं वय आणि एकवीस हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो, महिन्याला दीड हजार मिळतात. मार्चमध्ये तहसीलला कागद दिले, मेमध्ये समितीने मंजुरी दिली, जूनमध्ये पहिले पैसे खात्यात आले. मुख्यमंत्री सहायता निधीकडे आम्ही गेलो नाही, कारण आजार योजनेत बसत असेल तर आधी योजनाच वापरायची असते. तुमचा उपचार योजनेबाहेरचा निघाला तर मात्र तो दरवाजा ठोठवा. आता त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही, जिल्हाधिकारी कार्यालयात कक्ष सुरू झाला आहे. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, तेही विचारून घ्या. विचारल्याशिवाय कुणी सांगेलच असं नाही.

एकूण जमा एक लाख ब्याऐंशी हजार, खर्च एक लाख पंचवीस हजार. सत्तावन्न हजार उरले आणि ठरावातल्या ज्या ओळीवर लोक हसले होते ती उपयोगी पडली. त्यात लिहिलं होतं की उरलेली रक्कम वर्षभर काकूंच्या फेरतपासण्यांसाठी ठेवायची आणि त्यानंतर गावातल्या पुढच्या गंभीर आजारी माणसाला द्यायची, परतफेडीची अट न घालता. ती ओळ नसती तर सभामंडपाच्या फरशीपासून यात्रेच्या कुस्त्यांपर्यंत सगळ्यांना त्या पैशाची आठवण झाली असती. एक-दोघांना झालीच.

जूनच्या तपासणीत सगळं ठीक निघालं. आता दर तीन महिन्यांनी जायचं आहे. सप्टेंबरला सून सोबत जाणार, कारण दसऱ्यानंतर टोळी निघते आणि या वर्षी मागची उचलही वळती व्हायची आहे. डिसेंबरच्या तारखेला कोण जाणार, ते वहीत अजून लिहिलेलं नाही.